बोनेअरला पहिल्यांदा डायव्हिंगला जाताय? आधी हे वाचा

मालवणला स्कूबा केलं असेल तर आठवत असेल: होडीतून नेतात, अंगावर सगळा साज चढवतात आणि पाण्याखाली एक तरुण मागून तुमची टाकी धरून तुम्हाला फिरवून आणतो. बोनेअरला यातलं काहीच नाही. भाड्याचा पिकअप ट्रक, मागे चार टाक्या, रस्त्याच्या कडेला एक पिवळा दगड आणि त्यावर रंगवलेलं जागेचं नाव. गाडी लावायची, सूट चढवायचा, जोडीदाराबरोबर चालत समुद्रात शिरायचं. न होडी, न गाइड. आत काय करता हे बघायलाही कुणी नसतं, आणि नवख्यांची गडबड होते ती इथेच.

मी आणि माझा नवरा ह्यूस्टनहून पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्याकडे डायव्हिंगच्या प्रमाणपत्राची कार्डं होती, लॉगबुकात पंधरा-वीस डाइव्ह होते आणि गरजेपेक्षा बराच जास्त आत्मविश्वास होता. पुढचं सगळं त्यातूनच शिकलेलं आहे.

थोडी ओळख. बोनेअर हे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवरचं छोटं बेट आहे. २०१० पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. मुख्य गावाचं नाव क्रालेन्दाइक, भाषा पापियामेंतू, डच, इंग्रजी आणि स्पॅनिश, चलन मात्र अमेरिकन डॉलर. बेटाभोवतीचा आणि समोरच्या निर्मनुष्य क्लाइन बोनेअरभोवतीचा सगळा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, १९७९ पासून सागरी उद्यान आहे. म्हणजे रस्त्यावरून दोन पावलं खाली उतरलात की तुम्ही अभयारण्यात.

१. आधी कार्ड, मग तिकीट

मालवणचा किंवा गोव्याचा वीस मिनिटांचा अनुभव म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. तिथे मिळालेली व्हिडिओची पेन ड्राइव्ह बोनेअरच्या काउंटरवर चालत नाही. ओपन वॉटरचा, म्हणजे पहिल्या पायरीचा, पूर्ण कोर्स हवा. तो बोनेअरला जाऊन करता येतो, पण सुट्टीचे तीन-चार दिवस त्यातच जातात. थिअरी आणि तलावातला भाग घरच्या गावी उरका.

ओपन वॉटर कार्डावर १८ मीटरपर्यंत जाता येतं, ॲडव्हान्स्डवर ३० पर्यंत. बोनेअरचं बहुतेक सौंदर्य ५ ते १८ मीटरमध्येच आहे, त्यामुळे ॲडव्हान्स्ड नसेल तर जीव जाळू नका. नायट्रॉक्सचा, म्हणजे जादा ऑक्सिजनच्या हवेचा, एक दिवसाचा कोर्स मात्र जरूर करा. ३२ टक्के ऑक्सिजनच्या हवेवर दिवसातून तीन-तीन डाइव्ह करताना शरीरात नायट्रोजन कमी साठतो. मर्यादा एवढीच की ३३ मीटरच्या खाली जायचं नाही. तिथे ऑक्सिजनच विषारी ठरू शकतो.

शेवटचा डाइव्ह दोन वर्षांपूर्वीचा असेल तर निघण्याआधी जवळच्या तलावात एकदा उजळणी करा. प्रवाळाच्या डोक्यावर नको.

२. कागद आणि पैसे

सगळ्यात मोठा घोळ व्हिसाचा. बोनेअर नेदरलँड्सचं आहे, पण शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर थेट भारतातून जाणाऱ्यांना डच कॅरिबियनचा वेगळा व्हिसा लागतो. इतर देशांचे व्हिसा किंवा रहिवासी परवाने असलेल्यांना काही सवलती आहेत, पण त्यांच्या अटी बारीक आहेत. डच वकिलातीच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या परिस्थितीचं उत्तर शोधा, त्याची छापील प्रत जवळ ठेवा आणि विमान कंपनीकडूनही खात्री करून घ्या. चेक-इनला बसलेल्या माणसाने बोनेअरचं नाव ऐकलेलं असेलच असं नाही. आम्हाला एका विमानतळावर चाळीस मिनिटं उभं केलं होतं. छापील कागद होता म्हणून सुटलो.

बरोबर हे ठेवा:

- पासपोर्ट, व्हिसा किंवा रहिवासी परवाना, परतीचं तिकीट
- डायव्हिंगचं कार्ड, नायट्रॉक्सचं कार्ड, लॉगबुक
- वाहन परवाना (ट्रक बहुधा हाताने गिअर टाकायचे असतात आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते)
- डायव्हिंगचा विमा. साधा प्रवासविमा दाबकक्षातले उपचार बऱ्याचदा वगळतो
- आरोग्याचा प्रश्नावली-फॉर्म. दमा, रक्तदाब, मधुमेह अशा एखाद्या प्रश्नाला ‘हो’ उत्तर आलं की डॉक्टरची सही लागते. ती घरूनच घेऊन या. सुट्टीच्या पहिल्या सकाळी बेटावर डॉक्टर शोधत फिरणारी मंडळी मी पाहिली आहेत
- दोन ऑनलाइन भरण्यांच्या पावत्या

ही दोन भरणी लोक एकच समजतात. पहिला बेटावरचा प्रवेशकर, मोठ्या माणसाला ७५ डॉलर. दुसरं निसर्गशुल्क, ४० डॉलर. ते उद्यान सांभाळणाऱ्या ‘स्तिनापा’ या संस्थेकडे जातं. पाण्यात पाय टाकणाऱ्या प्रत्येकाला ते लागतं, स्नॉर्केलिंग करणाऱ्यालाही. डायव्हरांकडून शुल्क घेण्याची ही पद्धत इथे १९९२ पासून आहे आणि उद्यानाचा खर्च मुख्यतः त्यातूनच चालतो. आकडे बदलतात, म्हणून भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळ बघा.

३. बॅगेत काय

जाड तळव्याचे बूट. यादीतली बाकी प्रत्येक वस्तू तिथे भाड्याने मिळते, पण चांगले बूट पायाच्या मापाचे आपलेच हवेत. किनारा वाळूचा नाही. मेलेल्या प्रवाळाचे तुकडे, बोटाएवढे, हाताएवढे, पायाखाली काचेच्या बांगड्यांसारखे किणकिणतात. पातळ मोज्यांवर उतरलात तर तळपाय सोलून निघतील. बुटांवर चढतील असे, मागे पट्टा असलेले फिन्स (पायात घालायची वल्ही) घ्या.

पाणी वर्षभर साधारण २६ ते २९ अंश, त्यामुळे ३ मिलिमीटरचा सूट पुरतो. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) प्रत्येकाचा वेगळा, दोघांत एक नको. फुगवून वर सोडायची नारिंगी नळी, शिट्टी, दोन टॉर्च. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड घ्या म्हणजे सनस्क्रीन कमी लागेल. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बेटावर २०२१ पासून बंदी आहे. घरून नेताना डबीमागचं बारीक अक्षर वाचा.

हातमोजे ठेवून द्या, उद्यानात ते घालायला मनाई आहे. कारण साधं आहे: हातमोजे असले की माणूस बिनधास्त कशालाही धरतो.

शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि पोहे, मेतकूट, लोणचं बरोबर न्या. तिसऱ्या डाइव्हनंतर जी भूक लागते तिला सॅलड पुरत नाही.

४. पहिला डाइव्ह: तुमचीच परीक्षा

हा सक्तीचा आहे. आधी डायव्हिंगच्या दुकानात नियमांची माहिती देतात, मग तुम्ही दुकानासमोरच्या उथळ पाण्यात उतरता. अनुभव कितीही असो, हे केल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. बरेच जण ‘उरकून टाकू’ म्हणून घाई करतात. मी त्यांच्यातलीच.

टेक्सासच्या थंड तळ्यात जाड सूट घालून मी खाली जाता यावं म्हणून पट्ट्यात आठ किलो वजन लावायचे. पातळ सूट आहे म्हणून बोनेअरला दोन किलो कमी केले आणि स्वतःवर खूश झाले. पाण्यात मात्र दगडासारखी खाली बसू लागले. ते सावरायला तरंगण्यासाठी घालतात त्या जॅकेटमध्ये हवा भरली, तर डोकं वर आणि पाय खाली, अशी उभी सायकल मारत पुढे गेले. वळून पाहिलं तर माझ्या मागे पांढऱ्या वाळूचा लोट उठला होता आणि मेंदूसारख्या वळ्यावळ्यांच्या एका प्रवाळावर शांतपणे बसत होता. शिक्षकाने फक्त त्या प्रवाळाकडे बोट दाखवलं, मग माझ्या पट्ट्याकडे. वर आल्यावर अडीच किलो काढून घेतले.

ती वाळू पुसली जात नाही. प्रवाळ म्हणजे हजारो इवल्या जिवांची वसाहत. त्यांच्या पेशींत राहणारी शेवाळं उन्हावर अन्न बनवतात आणि घरमालकाला देतात. वरून वाळू बसली की ऊन अडतं, आणि ती झटकण्यासाठी प्रवाळाला चिकट स्राव सोडत शक्ती घालवावी लागते. एका डायव्हरने एकदा केलं तर निभावतं. दुकानासमोरच्या त्या प्रवाळावर मात्र रोज कुणी ना कुणी नवखा येतो.

म्हणून पहिल्या दिवशी एवढंच करा. टाकी भरलेली असताना, जॅकेट पूर्ण रिकामं करून, उभ्याने नेहमीसारखा श्वास आत धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. श्वास सोडल्यावर हळूहळू खाली जायला हवं. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होताना हलकी होते, तेवढ्यासाठी दोन किलो जास्त धरा. मग नुसत्या वाळूवर, आजूबाजूला काही जिवंत नाही अशा जागी, पाच मीटरवर आडवं होऊन हात बांधा आणि फक्त श्वासाने वर-खाली व्हायचा सराव करा. पंधरा मिनिटं कंटाळा येईल. येऊ द्या. हवेचा दाब दाखवणारं गेज आणि जादाचा रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) छातीशी अडकवा. लोंबणारी नळी प्रवाळावर घासते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

५. ट्रक, टाक्या आणि पिवळे दगड

टाक्यांची बहुधा आठवड्याची अमर्याद योजना असते. ट्रक टाक्यांच्या खिडकीशी लावा, रिकाम्या ठेवा, भरलेल्या उचला. नायट्रॉक्स असेल तर ऑक्सिजनची टक्केवारी स्वतः यंत्राने मोजायची, टाकीवरच्या पट्टीवर लिहायची आणि वहीत सही करायची. ‘मागच्याने मोजलंय’ हे चालवून घेऊ नका. निघताना प्रत्येक टाकीच्या तोंडाशी रबराची कडी आहे ना ते बोटाने चाचपा. तिच्यावाचून आम्ही एकदा अर्धा तास गाडी चालवून परत आलो.

आता चोरीबद्दल. किनाऱ्यावर उभ्या गाड्यांतून वस्तू जातात, हे बेटावरचे लोकच सांगतील. उपाय उलटा वाटतो: काचा खाली, दारं उघडी, आत काहीच नाही. टॉवेल आणि पाण्याची बाटली, बस. कुलूप लावलंत तर आत काहीतरी आहे असं समजून काच फुटते. पासपोर्ट आणि फोन खोलीवर. गाडी घेताना बटणवाली किल्ली नको, साधी लोखंडी मागा आणि ती जॅकेटच्या खिशात चापाने अडकवा.

उत्तरेकडचा किनाऱ्यालगतचा रस्ता पुढे एकेरी होतो. चुकून पुढे गेलात तर वळता येत नाही, रिंकॉन गावावरून मोठा फेरा मारावा लागतो. रस्त्यात गाढवं भेटतील. हॉर्न वाजवून उपयोग नाही.

६. उतरणं, फिरणं, परत येणं

वारा जवळजवळ कायम पूर्वेकडून येतो, म्हणून डायव्हिंगच्या जागा पश्चिमेच्या, आडोशाच्या बाजूला आहेत. तरी काठावर लाट फुटते. पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा: लाटा कुठे कमी, बाहेर येणारे लोक कुठून येतात, दोन मोठ्या लाटांमध्ये किती अवधी. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, जॅकेटमध्ये हवा, फिन्स हातात. जोडीदाराचा खांदा धरून, पाय घासत चला. कमरेपर्यंत पाणी आलं की फिन्स घाला आणि पटकन आडवे व्हा. उभं राहण्यात वेळ घालवला की लाट पाडतेच.

तळाची रचना बहुतेक ठिकाणी सारखी आहे. आधी वाळू आणि तुकड्यांचं उथळ पठार, मग साधारण दहा मीटरवर कडा, आणि तिथून उतार खोल निळ्यात जातो. कड्यावर पोचलात की थांबा आणि मागे वळून बघा. परतताना सगळे सी फॅन (पंख्यासारखी प्रवाळं) सारखेच दिसतात, म्हणून एखादी विचित्र खूण पकडा. आम्ही नांगराऐवजी होड्या बांधण्यासाठी ठेवलेला सिमेंटचा ठोकळा लक्षात ठेवतो. इथे नांगर टाकायला बंदी आहे, त्यामुळे असे ठोकळे आणि वरचे तरंगते पिवळे गोळे बऱ्याच जागी सापडतात.

प्रवाह कुठे वाहतोय ते सी फॅनच्या कलण्यावरून कळतं. आधी त्याच्या विरुद्ध जा. टाकीतल्या हवेचा दाब सुरुवातीला २०० बार असेल तर १३० वर वळा, मग परतीला प्रवाह मदत करेल. परतताना आणखी उथळ या. शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचंच आहे, ती पठारावर मासे बघण्यात जातात.

७. आधी कुठे

दुकानासमोरचा रीफ (प्रवाळाचा पट्टा) दोनदा करा, मग बारी रीफ. तिसऱ्या दिवशी ‘वन थाउजंड स्टेप्स’. पायऱ्या हजार नाहीत, सत्तरच्या आसपास आहेत. नाव कुणी दिलं हे टाकी पाठीवर घेऊन वर येताना कळतं. नंतर एंजल सिटी, कार्पाता.

हिल्मा हूकर हे बुडालेलं जहाज सगळ्यांना पहिल्याच दिवशी बघायचं असतं. १९८४ मध्ये त्यात कित्येक टन गांजा सापडला, मालक कुणी पुढे आला नाही आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला ते बुडालं. ७२ मीटर लांबीचं जहाज ३० मीटरवर कुशीवर निजलं आहे. ओपन वॉटरवाल्यांनी वरची, १८ मीटरची कड बघून समाधान मानावं, आणि आत कुणीच शिरू नये.

सॉल्ट पिअर म्हणजे मिठाच्या धक्क्याचे खांब. मीठ भरायला जहाज लागलं असेल तर उतरायचं नाही, आधी विचारून जा.

रात्रीच्या डाइव्हला तारपन मासा भेटतो. माणसाच्या उंचीचा, आरशासारखा. पहिल्यांदा तो खांद्यावरून सरकला तेव्हा मी रेग्युलेटरमध्ये किंचाळले. तो आपल्यामागे येत नाही, आपल्या उजेडामागे येतो. तुम्ही झोपलेल्या माशावर टॉर्च रोखलात की त्याने तो मटकावलाच. एकदा ‘दाखवायच्या’ नादात मी एक निळा मासा असाच मारला. तेव्हापासून उजेड वाळूवर ठेवते आणि माशावरून नुसता फिरवते.

८. नियम, आणि ते कुठून आले

कशालाही हात लावायचा नाही, काही खायला घालायचं नाही, काही उचलायचं नाही. मेलेलं प्रवाळ आणि रिकामा शिंपलाही नाही. विमानतळावर बॅगा तपासतात. कासवामागे पोहायचं नाही. रासायनिक चमककांड्या चालत नाहीत.

हे नियम कुणा परक्याने लादलेले नाहीत. कासवांना इथे १९६१ पासून संरक्षण आहे, भाल्याने मासेमारी १९७१ मध्ये बंद झाली, प्रवाळ तोडणं १९७५ मध्ये. १९६२ मध्ये होडी घेऊन आलेला कॅप्टन डॉन स्टुअर्ट स्वतः भालेवाला होता. पुढे त्यानेच ती मासेमारी बंद व्हावी म्हणून धडपड केली आणि होड्यांसाठी कायमचे बांधणीगोळे रोवायला सुरुवात केली.

एवढं करूनही संकटं येतातच. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून कॅरिबियनभर हरणाच्या शिंगांसारखं प्रवाळ रोगाने मेलं. १९८३-८४ मध्ये शेवाळ खाणारे लांब काट्यांचे काळे सी अर्चिन जवळजवळ संपले. २०१४ मध्ये फ्लोरिडात दिसलेला, कठीण प्रवाळाची जिवंत कातडी सोलून टाकणारा रोग २०२३ मध्ये बोनेअरला पोचला. पांढऱ्या सांगाड्याला लागून जिवंत कातडीची ओघळती कड दिसली तर तोच तो. फोटो काढा, जागा आणि खोली लिहा, दुकानात कळवा. हात लावू नका.

म्हणूनच दोन डाइव्हच्या मध्ये सामान जंतुनाशकात बुडवायला सांगतात. जॅकेटच्या आतल्या पिशवीतलं पाणी लोक विसरतात. ते ओता, आत जंतुनाशक घालून हलवा, मग गोड्या पाण्याने धुवा. एखादी जागा बंद असल्याची पाटी दिसली तर ‘आपण लांबून आलोय’ हे कारण सांगू नका. सगळेच लांबून आलेले असतात.

९. हातभार लावायचा असेल तर

लायनफिश आपल्याकडचा. हिंदी-प्रशांत महासागरातला, मालवण-लक्षद्वीपकडच्या पाण्यात त्याला कुणी परका म्हणत नाही. अटलांटिकमध्ये तो माणसाच्या हातून सुटला आणि बोनेअरला २००९ मध्ये दिसला. इथल्या छोट्या माशांना तो शत्रू आहे हेच कळत नाही. त्याला मारायला परवानगी आहे, पण प्रशिक्षण घेऊन आणि ठरलेलंच हत्यार वापरून. पहिल्या सहलीत हे करू नका. भाला हातात असताना बॉयन्सी (पाण्यात स्थिर तरंगणं) सगळ्यात आधी सुटते.

त्यापेक्षा प्रवाळाच्या रोपवाटिकेचा कोर्स करा. ‘रीफ रिन्यूअल फाउंडेशन बोनेअर’च्या पद्धतीने तो काही दुकानांत शिकवतात. पाण्यात तरंगती कृत्रिम झाडं उभी केलेली आहेत, फांद्यांना प्रवाळाचे बोटभर तुकडे दोऱ्याने लटकवलेले. तुम्हाला मिळतो एक ब्रश. फांदी घासायची, शेवाळ काढायचं, तुकड्याला धक्का लावायचा नाही. चाळीस मिनिटांत माझं एक झाडही पूर्ण झालं नव्हतं. समोर एक छोटा मासा मी सोडवलेला कचरा खात बसला होता, आणि त्याच्याइतकं स्थिर तरंगणं मला जमत नव्हतं. तिथे वाढलेले तुकडे पुढे रीफवर लावतात.

१०. शेवटचा दिवस

विमानाआधी निदान १८ तास डाइव्ह नाही. आम्ही पूर्ण २४ धरतो. तो दिवस दक्षिणेला घालवा: मिठागरांचं गुलाबी पाणी, फ्लेमिंगो, आणि १८५० मध्ये बांधलेल्या गुलामांच्या दगडी खोपट्या. मिठागरात राबणारी माणसं त्यांत झोपत. दारं इतकी बुटकी आहेत की आत शिरायला ओणवं व्हावं लागतं. ही गुलामगिरी १८६३ मध्ये संपली.

सामान धुवायचं काम त्याच्या आदल्या संध्याकाळी, शेवटच्या डाइव्हनंतर लगेच करा, म्हणजे पूर्ण रात्र आणि पूर्ण दिवस वाळायला मिळतो. सूट दोन तासांत सुकतो, जॅकेट एका रात्रीत. बूट सुकत नाहीत. ते उलटे करून ट्रकच्या मागच्या फळीवर उन्हात ठेवा आणि गाडी परत करताना तिथेच विसरू नका.